दोन इंच एक सूत

दिवसा मी कवळ्या बनवते.
वरचा जबडा, खालचा जबडा, एखादा सुटा दात.
नेरूरकर डॉक्टरांच्या दवाखान्यामागची खोली,
जिथे धक्क्यावर बर्फ फोडतात तो आवाज येतो.
रात्री त्याच दिव्याखाली, त्याच मेणाच्या चाकूने
हा माणूस.

पार्सलातून निघाला तेव्हा कुठल्याशा थंड देशाचा शिपाई होता:
उंच टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, कोटाला अठरा बटणं.
उंची दोन इंच एक सूत.
(सुताचं माप बाबांचं. ते होड्या बांधायचे.)
म्हटलं, मालवणात राहायचं तर
आधी हे बूट काढ.

घोट्यापासून कापले, केसाएवढ्या करवतीने.
बटणं खरवडली, ती उडून माझ्या भुवईत बसली.
टोपी गेली. पुट्टीची शेवई वळून
मुंडाशाचे सात वेढे, सातवा जरा सैल,
कारण वारा असणार.
बंदूक लांबवून तोफेचा गज केला.
आता हा गुराबेवरचा, गोलंदाजाच्या हाताखालचा कोणी.
जुन्या कागदांत तोफा मोजलेल्या आहेत, दारूची पिंपं मोजलेली आहेत.
ह्याने कमरेला काय गुंडाळलं होतं
ते लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही.

म्हणून रापणीवर जाऊन उभी राहिले,
दोर ओढणाऱ्यांचे पाय बघत.
टाचा रुतलेल्या, अंगठा बाकीच्या बोटांशी भांडण असल्यासारखा लांब.
"काय सांडला गो बाय?" एकाने विचारलं.
काय सांगणार.
घरी येऊन सुईच्या टोकाने दहा बोटं केली. दोन रात्री लागल्या.

मग कातडी.
ज्या डबीवर 'त्वचा' छापलं होतं
ती उघडली तर आत हिरडी:
रोज कवळ्यांना लावते तोच गुलाबी.
बाजूला ठेवली.
तपकिरीत चिमूटभर काव, थेंबभर निळा,
मनगटाशी धरून पाहिला. जुळला.
म्हणजे चुकला. मी सावलीत बसणारी बाई,
ह्याच्या डोक्यावर छप्पर कुठलं?
आणखी निळा.

भिवा कुबल आले, खालची कवळी बोचते म्हणून.
टेबलावरचा शिपाई दिसला तसं माझं भिंग मागून घेतलं.
खूप वेळ बघत राहिले.
"धाय बोटां केलंस?"
मग किती करू?
त्यांनी चप्पल काढली. डाव्या पायाला करंगळी नव्हती.
"नांगराचो दोर. सतरा वर्सांचो होतंय.
आमच्या होडयेर धाय बोटांचो एकलोच होतो.
तो जेवान रांधी."

त्यांची कवळी घेतली,
हिरडी लाल झाली होती तिथे नखभरही नाही इतकी घासली.
लागतं का आता? नाय.
खिशातली सुपारी फोडून दाखवायला निघाले होते,
हात धरून थांबवलं.

ते गेल्यावर ड्रिलचं तेच टोक पुसून
ह्याच्या करंगळीवर टेकवलं.
श्वास सोडायच्या आत गेली.
जखम भरून बरीच वर्षं झालीत असं दिसायला हवं,
तेव्हा बाजूला ठेवलेली डबी पुन्हा उघडली
आणि त्या गुलाबीचा एक ठिपका दिला, एकच.

पायाखाली चिवल्याची वाळू पसरली तर धोंडे झाले.
खरी होती, म्हणूनच खोटी वाटत होती.
झटकून टाकली. दातांचं प्लास्टर कुटून, चाळून,
चहाच्या पाण्यात रंगवून पसरलं.
ते बरं दिसतंय.

वार्निश मात्र अजून चिकट आहे. हवाच अशी.
वाटीत उभा करून
तांदळाच्या डब्यात ठेवलाय, झाकण लावून.
उद्या पेजेचे तांदूळ काढताना
आधी ह्याला उचलायची आठवण राहायला हवी.