चौथा माणूस

विडी घरकुलात पहाटे साडेपाचला
पलीकडच्या शेडमधले माग सुरू होतात.
मी भिंतीकडे तोंड करून पाठ करते :
अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक,
जादा प्रक्रिया, साठा, हालचाल, दोष.
सात प्रकारची नासाडी. जपानी लोक तिला मुदा म्हणतात.
आई विचारते, मुद्दा? कसला मुद्दा?

सोमवारी चिंचोळीला मुलाखत आहे.
इंजिनाचे सुटे भाग करणारा कारखाना,
न्यायला बस, दुपारचं जेवण, निळा शर्ट.
घरात तेलुगू, कॉलेजात मराठी,
टेबलापलीकडे इंग्रजी.
एकच चूक मी तिन्हीकडे वेगवेगळी करते.

सरावाला कुणाचं तरी काम मोजायचं होतं.
मोबाईलचं घड्याळ लावून आईसमोर बसले.
सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पानं,
आणि पत्र्याचा तो फर्मा,
जो असला की पान वाकडं कापताच येत नाही.
पोका-योके, मी समासात लिहिलं.

पहिली विडी तेवीस सेकंद.
"तू बघतेस म्हणून हात पळतोय," ती म्हणाली,
"मी विसरले की बघ."
दुसऱ्या दिवशी पुस्तकाआडून मोजलं.
अठ्ठावीस. अठ्ठावीस.
एकतीस : गुडघा चोळला.
अठ्ठावीस.
चव्वेचाळीस : दाराकडे पाहिलं, नायना आले का.
वहीत एक रकाना होता,
मूल्य न वाढवणारी हालचाल.
त्यात मी गुडघा लिहिला.
दार लिहायला हात गेला नाही.

मग दोऱ्याचं रीळ उजवीकडून डावीकडे ठेवलं.
विडीमागे दोन सेकंद वाचले.
हजार विड्यांना तेहतीस मिनिटं वीस सेकंद!
मी आकडा तिच्या नाकापुढे धरला.
"मग त्या अर्ध्या तासात काय करू?"
पुस्तकात हा धडा नव्हता.
तिनं पाऊणशे विड्या जास्त वळल्या.
त्या दिवशी चेकरनं नव्वद छाटल्या.

सोमवार. काचेची खोली. हुलसूरकर साहेब.
टाक्ट टाईम? उपलब्ध वेळ भागिले मागणी.
कानबान? वाण्याकडे तेलाची रिकामी बाटली पाठवली
की वेगळी चिठ्ठी लागत नाही, तसं.
साहेब हसले. पेन खाली ठेवलं.
"समजा, तू सुधारणा केलीस.
लाईनवर चार जण होते, आता तिघांत भागतं.
चौथ्याचं काय करशील?"

उत्तर पाठ होतं. प्रशिक्षण देऊ,
दुसऱ्या विभागात घेऊ. इंग्रजीतसुद्धा पाठ होतं.

पण चौथा मला माहीत होता.
टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता तो.
बीम बदलायला दीड तास लागायचा,
त्यानं डोकं लावून पन्नास मिनिटांवर आणला
आणि आपण होऊन मालकाला दाखवला.
दसऱ्याला सगळ्यांसमोर शाल आणि श्रीफळ.
नवे माग आले त्या वर्षी परत नारळ,
शालीशिवाय.
आता अशोक चौकात एटीएमच्या दारात
रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो.
त्याच्या बसण्यात एकही हालचाल फुकट नाही.

मी मराठीत म्हणाले,
"सर, ते दोन सेकंद कुठे वाचतात
हे त्या चौथ्यालाच ठाऊक असतं.
तो का सांगेल, एवढं आधी ठरवावं लागेल."
खोलीत एसीचा आवाज.
मग साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं,
एक ओळ, मला उलटी दिसत होती.
"कळवू," म्हणाले.

घरी आले. आईनं विचारलं, काय विचारलं?
सांगितलं.
"नालुगोवाडु," ती स्वतःशीच म्हणाली. चौथा.
आणि दाराकडे बघितलं.
घड्याळ लावलेलं नव्हतं.
रीळ परत उजवीकडे होतं.