अकरा नंबर

पाटीचा रंग उडून फक्त
'ड्रेस भाड्याने' एवढंच उरलं होतं.
धोबीतलाव, आतली गल्ली, जिन्याखाली आम्ही:
शेठ गल्ल्यावर, मी मशीनवर,
मधल्या दांडीवर चौदा डिनर जॅकेटं
पंगत बसायची वाट बघत.

हा माल संध्याकाळचा, शेठ म्हणायचे,
दिव्याखाली धर, मग कॉलरचं साटन हलतं बघ.
गावाहून आलो तेव्हा मला एकच काळा ठाऊक होता.
इथे कळलं, धुऊन हिरवटलेला काळा असतो,
कोपराला घासून चकाकणारा असतो,
आणि एक, ज्यावर खडूची रेघ उठूनच दिसत नाही.

कमरबंदाच्या चुण्यांची तोंडं वर ठेवायची.
का, ते शेठनाही नीट सांगता येईना.
नाटकाचं तिकीट ठेवायला म्हणे.
परत आलेल्या एकात मला बसचं सापडलं होतं,
माझगाव, शेवटची गाडी.
शब्द आपलाच. कमर आपली, बंद आपला,
साहेबाच्या पोटाला वळसा घालून आला
आणि दिवसाला चाळीस रुपये झाला.

ते तिकीट इनास कुटिन्होचं असणार.
गोदीत फिटर, राहायला माथारपाखाडीत.
दर तीस डिसेंबरला यायचा,
नखांतलं ग्रीस घासून घासून लाल झालेलं.
अकरा नंबर दे.
दुसरा दाखवू का, नवा आलाय?
नको. याला माझे खांदे पाठ आहेत.

रबरवाला बो त्याने कधी घेतला नाही.
चिकटवलेली मिशी ती, म्हणायचा.
स्वतःचा आणायचा, खिशात गुंडाळून,
आणि आरशाकडे पाठ करून, गल्लीकडे बघत बांधायचा.
थोडा वाकडा राहिला की हात खाली.

लग्नाच्या वर्षी बाह्या अर्धा इंच सोडल्या.
मुलगी झाली त्या वर्षी कंबर.
मग बटण सरकवलं, मग पुन्हा कंबर.
पाठीच्या शिवणीत मी दीड इंच कापड राखलं होतं,
सगळं त्यालाच लागलं.
आणि एका डिसेंबरात म्हणाला, आत घे.
पाऊण इंच.
पुढच्या डिसेंबरात, अजून आत.
टाचण्या तोंडात धरल्या की बोलावं लागत नाही,
एवढी एक सोय आमच्या धंद्यात आहे.

मार्चमध्ये त्याची मुलगी आली, ब्रिजेट.
मार्चमध्ये आमच्याकडे कुणी येत नाही.
अकरा नंबर, म्हणाली.
मी सवयीने वही उघडली:
किती दिवसांसाठी?
शेठनी हात लांब करून वही मिटली.

माप तिच्याकडे नव्हतं.
तिने दोन तळहात हवेत धरले,
मग थोडे आणखी जवळ आणले.
पाठ दिसणार नाही, म्हणाली,
मागून नुसते टाके घातलेत तरी चालेल.
मी शिवण उसवली, कापड पलटलं,
अस्तर परत बसवलं, इस्त्री केली. चारच्या आत.

बो तिने पिशवीतून काढला.
घरात कुणालाच येत नाही.
मलाही येत नव्हतं,
एकवीस वर्षं नुसतं बघितलेलं.
लाकडी पुतळ्याच्या मानेवर तीनदा सुटला.
चौथ्यांदा बसला, वाकडा.
तिने सरळ करायला बोट पुढे केलं,
आणि नाही केलं.

भिंतीवर नियम लिहिलाय:
माल परत न आल्यास अनामत जप्त.
आठवड्याने शेठनी तीनशे रुपये पाकिटात घातले
आणि मला माझगावला धाडलं.
तिने पाकीट घेतलं, थांबा म्हणाली,
आतून लाकडी हँगर आणून दिला.
हा तुमचा राहिला होता.

तो आता दहा आणि बाराच्या मध्ये असतो.
सीझनला गिऱ्हाईक विचारतं,
यावरचा कुठाय?
भाड्याने गेलाय, मी सांगतो.