घरचीच हाये

"घरचीच हाये," रूपसिंग म्हणाला
आणि भुरीच्या कानामागे खाजवत राहिला,
माझ्याकडे न बघता.

उमरखेडच्या अलीकडे, वीटभट्टीवर
अकरा गाढवं. सात खोकत होती,
रिकाम्या पिंपात कुणी खडे टाकावेत तशी.
खेप चालूच: बारा विटा इकडे, बारा तिकडे.
भुरी मध्येच थांबायची, मान खाली,
नाकाखाली हिरवट धार,
आणि सोनकी, रूपसिंगची धाकटी,
फ्रॉकच्या टोकानं ती पुसायची.
मग पुढच्या गाढवाची. मग त्याच्या पुढच्या.

मी नाकपुडीत बोळा घातला, वीतभर आत.
भुरीनं माझ्या अंगठ्यावर दात उमटवले.
नळी गुलाबी पाण्याची, नळीभोवती बर्फ,
डबा मांडीवर, पुसद गाडीत.
कंडक्टर म्हणाला, "मासोई हाये का, मॅडम?"
"शेंबूड. गाढवाचा."
तो हसला नाही.
"मानसाचाबी तपासत जा कधी."

एकोणीस दिवसांनी कागद आला.
घोड्यांच्या फ्लूचा विषाणू,
त्याची अक्षरं ओळीमागून ओळ मांडलेली.
चारच अक्षरं, तीच ती,
पाटीवर गिरवून गिरवून पोर कंटाळावं इतकी.
खाली एक झाड, नुसत्या काड्यांचं.
भुरीची काडी पैनगंगा ओलांडून
पलीकडच्या बाजारात पौषात खोकलेल्या
एका तट्टाच्या शेजारी जाऊन बसलेली.
सतराशे अक्षरांत तीन वेगळी.
सख्खाच म्हणायचा.

रूपसिंगनं कागद उलटा धरला, मग सरळ.
झाडावर बोट ठेवलं.
"आमचा भाट येते असी वही घेऊन.
सात पिढ्या सांगते, पैसे घेते.
शेंबडाचीबी वही असते, हे नवतं ठाव."

भट्टीचा धूर खाली उतरला होता.
"रातीच आनली, नदीतून. गुडघाभर पानी.
दाखला नाई, तं पुलावरून कोन सोडते?
पोरीले तिचं पांढरं नाक आवडलं."

रजिस्टरात 'स्थानिक' लिहिलं होतं मी.
ते खोडलं. वर काय लिहावं
ते ठरेना, म्हणून टोपण लावलं.
एकवीस दिवस ओझं नाही, म्हटलं. पाणी वेगवेगळं.
आणि सोनकीला, जमेल तितक्या हळू:
एकाचं पुसलेलं दुसऱ्याला लावू नकोस.
ती फ्रॉककडे बघत राहिली.

परवा गेले तर दोरीवर
अकरा चिंध्या वाळत होत्या,
प्रत्येकीच्या टोकाला
वेगळ्या रंगाची गाठ.