दहावा कप

पंचायत समितीच्या फाटकासमोर माझं हॉटेल.
पाटीवर नाव होतं, ते उन्हानं खाल्लं.
सभागृहात काय शिजलं ते कळमनुरीला
दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं,
मला किटलीत कळतं.

चौदा सदस्य. ढेंबरे सभापतींचे पाच.
चौदात पाच, तरी दीड वर्ष गाडा हाकला,
कारण सोनटक्क्यांच्या तिघांचा बाहेरून पाठिंबा होता.
बाहेरून म्हणजे माझ्या बाकड्यावरून.
आत सही व्हायची,
इकडं बिस्किटाचा पुडा फुटायचा.

मग एका बंधाऱ्याच्या बिलावरून,
की नुसत्याच एका फोनवरून,
सोनटक्के उठले.
बाकडं एका बाजूनं हलकं झालं
आणि दुसऱ्या टोकाला बसलेला ढेंबरेंचा ड्रायव्हर
चहासकट खाली आला.
आम्ही हसलो. ढेंबरे हसले नाहीत.

मुनीरसाहेबांचे चार, सोनटक्क्यांचे तीन,
गुट्टे वकिलांचे दोन.
एकमेकांच्या लग्नाला न जाणारे नऊ जण
एका गाडीत बसून आठ दिवस कोकणात.
समुद्र बघायला, म्हणे.
मोबाइल एका पिशवीत, पिशवी वकिलांच्या मांडीवर.

दहा हात वर गेले तर ढेंबरे खाली.
दहावा हात चंद्रकला पोघेचा.
अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन,
आणि घरी खरंच शिलाई मशीन.
तिलाही गाडी पाठवली होती.
ती म्हणाली, लगीनसराई आहे,
बावीस ब्लाउज द्यायचेत, समुद्र राहू द्या.

सभेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली.
गळ्यात अजून टेप तसाच.
"गौसभाई, उसवायचं म्हणलं की नऊच्या नऊ तयार.
शिवायचं कुणाच्या मापानं विचारलं
की कपात बघत्यात.
कापड एवढंसं, आन मापं तिघांची."
"मग ढेंबरेलाच ऱ्हाऊ द्यायचं?"
"त्यानं तर कापडच दिलं नाही मला. दीड वर्ष."
अर्धा चहा प्याली, पैसे ठेवले, गेली.

अकराला गाडी आली.
उतरणाऱ्यांच्या चपलांतून वाळू सांडली फाटकात,
आमच्या काळ्या मातीत पांढरी, वेगळी दिसणारी.
सोनटक्क्यांच्या गटातल्या एका म्हाताऱ्यानं
नातीसाठी शंख आणला होता,
तो कानाला लावूनच आत गेला.

बारा वाजता शिपाई धावत आला. दहा कप.
मी नऊ भरले, हात थांबला,
दहावा भरला.
त्या कपाखाली बशीत चहा सांडला थोडा.

फटाके वाजले. गुलाल उडाला
आणि तीन ठिकाणी उडाला.
संध्याकाळी तिघांनी बिलं वेगवेगळी मागितली.
वकील म्हणाले, तात्पुरतं सोनटक्क्यांच्या नावावर लिही.
सोनटक्के म्हणाले, कशाबद्दल?
मुनीरसाहेब काहीच म्हणाले नाहीत,
त्यांचे चार आहेत.

खुर्चीवर कुणी नाही.
शिपायानं तिच्यावर टॉवेल टाकला, धूळ बसू नये म्हणून.
तहसीलची तारीख यायची आहे.
काढायला दहा लागले होते,
बसवायला आठ पुरतात.
आठ मोजायला घेतले की
कुणीतरी उठून लघवीला जातं.

तिसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत,
दूध अजून तापतंय, तर ढेंबरे.
एकटेच, पायी, ड्रायव्हर नाही.
बाकड्यावर मधोमध बसले.
"गौसभाई, एका गटाचे पाच
अजून आमचेच हायत. दुसरं कुणी दाखीव."
मी म्हटलं, उधारी आधीची बाकी आहे.
"लिही त्याच्यातच. दोन कप."

दोन का, मी विचारलं नाही.
वही उघडली, आकडा लिहिला.
रस्त्याकडून चपलांचा आवाज येत होता,
आणि त्यात थोडी वाळू करकरत होती.
मान वर करायची की नाही,
ते ठरेपर्यंत दूध उतू गेलं.