येतो म्हणायचं नाही

आचऱ्याच्या तिठ्यावर, पिठाच्या गिरणीला लागून
आमचं दुकान. पाटी नाही.
कुणी विचारलं तर गिरणीवाला हनुवटीनं दाखवतो
आणि पुढचं दळण ओततो.

आत चिवे, सुतळी, मडकी,
मांजरपाटाचा तागा, राळ, शेणी, काळे तीळ.
तिरडीला खिळा नसतो, फक्त गाठ.
ती मला आबांनी नवव्या वर्षी शिकवली,
दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्यावर.

पणजोबा पुनाजी खोबरेकर मूळचे नारळाचे व्यापारी.
मानमोडीच्या साली गावात खांदे कमी पडले.
त्यांनी कुंपणाचा चिवा तोडून शेजाऱ्याला दिला,
मग त्याच्या शेजाऱ्याला.
कुंपण संपलं, गुरं आत शिरली,
माडाची रोपं खाऊन गेली,
आणि आमचा धंदा बदलला.
पैसे कुणाकडे होते? एकानं ओट्यावर सुकट ठेवली,
एकानं कोयती.
एकानं काही न बोलता नवं कुंपण घालून दिलं.
तेही पुढे तुटलंच.

वही आबांनी सुरू केली.
तिच्यात नाव नेणाऱ्याचं नाही, जाणाऱ्याचं.
'भागीरथी तारी. सगळं. उधार.'
'जयराम कुबल. फक्त मडकं, बाकी घरचं.'
'अनोळखी, पुळणीवर. सगळं.' पुढचा रकाना कोरा.
'तोडणकर तिघे. होडी मिळाली. दर्भ, तीन जुड्या.'
त्या रात्री भटजी यायच्या आधी
आबा दर्भाची माणसं वळत बसले होते.
तिघांची आई दारात येऊन म्हणाली,
"धाकलो उंच होतो."
आबांनी गाठ सोडली, वीतभर दर्भ वाढवला.

दुकानाचा नियम एकच.
गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचं नाही,
आणि त्यानंही निघताना 'येतंय' म्हणायचं नाही.
सगळ्या गावात जीभ चावून 'येतो' म्हणणारी माणसं
आमच्या पायरीवर मात्र
'जातंय' म्हणून उतरतात,
चप्पल शोधत, खाली बघत.

बाबांनी बर्फाची पेटी आणली,
कारण मुलगे आता कोकणकन्येनं येतात.
बर्फ बंदरावरच्याच कारखान्यातला,
जिथून तो बांगड्यांवरही जातो.
कारखान्यात बाबा फक्त लाद्या किती ते सांगत.
आकड्यावरून तिथला माणूस ओळखायचा,
आणि टोपी काढायचा.

माझं लग्न दोनदा त्यांनी मोडलं, दुकान बघून.
तिसऱ्यांदा मी मोडलं.
तो म्हणाला होता, गाळा चांगला आहे, मोक्याचा,
मोबाईलचं टाकू.

बाबा गेले तेव्हा पाऊस चार दिवस थांबला नव्हता.
चिवे मीच निवडले. गाठी मीच मारल्या,
कुणी मदतीला आलं तर त्यांची गाठ चुकत होती.
वही काढली. 'दत्ताराम खोबरेकर. सगळं.'
उधार लिहावं, तर वसूल कुणाकडून?
रकाना कोरा सोडावा, तर ते काही अनोळखी नव्हते.
पर्समधून पैसे काढून गल्ल्यात टाकले, मोजून,
सुट्टे परत घेतले,
'रोख' लिहिलं.
आणि सामान उचलून पायरी उतरताना
तोंडातून सवयीनं गेलं,
येते.

गिरणीचा पट्टा थांबला.
मी मागे वळून बघितलं नाही.

सुतकात उघडं राहणारं गावात हे एकच दुकान.
तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीतला पोरगा आला,
भिजलेला, हातात यादी,
यादीत सुतळीचं नाव दोनदा लिहिलेलं.
मी एकदाच दिली.
सामान घेऊन तो पायरीवर थांबला,
काय म्हणायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
"जातंय म्हण," मी म्हटलं.
तो म्हणाला.
मी वही उघडली, नाव विचारायचं राहिलं होतं,
आणि त्याला हाक मारायला
बाहेर पावसात गेले.