सुकतीचा रकाना

माझं काम शेवट बघायचं नव्हतं.
किती दोर टांगले, किती कालवं धरली, किती विकली
हे मोजायला दुसरी माणसं येणार होती, तीन वर्षांनी.
मला मधेच धाडलेलं :
कसं चाललंय, एवढंच बघून या.

भंडारवाडीच्या समाजमंदिरात
दर मंगळवारी अकराला कालवांचं प्रशिक्षण.
हजेरीपटावर दर मंगळवारी बावीस अंगठे,
जांभळे, गोल, एकाच दाबाचे.

मी पट मिटला
आणि धाकू खवणेकराच्या टपरीवरची उधारीची वही मागितली.
एका मंगळवारी बावीस चहा.
पुढच्या मंगळवारी चार.
परत एकवीस. परत पाच.
खाडीच उतरली होती त्या वहीत,
एक ओळ भरती, एक ओळ सुकती.

गोपिका पराडकर गाळातूनच ओरडल्या,
गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला टोपली :
"अकराक पानी उतारता त्या दिसा
आमी मुळे काढूचे, की तुमच्या बाकार बसूचा?"

पाणी रोज पाऊण तास उशिरा उतरतं.
आठवडाभरात भरतीच्या जागी सुकती येऊन बसते.
हे वाडीतल्या चौथीच्या पोराला पाठ.
जिल्ह्याच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

अंगठे कुणाचे, ते मनाली तारीनं सांगितलं.
स्वतःहून. जेटीच्या पायरीवर,
उजवा अंगठा माझ्यापुढे धरून,
नखाच्या कडेला शाई अजून होती.
बारावी पास, मानधन साडेतीन हजार, समन्वयक.
हजेरी विसाच्या खाली गेली की हप्ता अडकतो.
हप्ता अडकला की दोर येत नाहीत.
दोर आले नाहीत की बायका विचारतात, आणि
विचारायला त्यांना वाडीत एकच दार माहीत.

मी पेन खाली ठेवलं.
ती म्हणाली, "लिवा, ताई.
लिवल्याशिवाय वेळ बदलूची नाय."

लिहिलं.
पान सतरा, परिच्छेद चार. नाव घातलं नाही.
"क्षेत्रीय पातळीवरील नोंदींत तफावत",
आम्ही लिहितो तसं.
भंडारवाडीत क्षेत्रीय पातळी म्हणजे
एक मुलगी आणि एक शाईची डबी.

वेळ बदलली. खरंच बदलली.
दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात
तारखेशेजारी तिथी, तिथीशेजारी सुकती छापून आली.
वर्ग कधी सकाळी सातला, कधी उन्हं कलताना.
बायका खोचलेल्या ओल्या साड्यांनीच येऊन बसायच्या,
खाली फरशीवर पाण्याचे बावीस ओघळ.
फेब्रुवारीत दोरांना कालवं धरली, रुपयाएवढी.
साहेबांचा फोन आला :
मॅडम, तुमचा अहवाल कामाला आला.
त्याच दमात, कुठे स्वल्पविराम असावा तिथे,
त्या मुलीला काढलं आम्ही.

मार्चमध्ये गेले. अष्टमी. भांगाचे दिवस,
पाणी धड आत नाही, धड बाहेर नाही.
पटावर आता नवा पोरगा सह्या घेतो,
सगळ्या खऱ्या. मी तपासल्या.

मनाली गाळात वाकलेली दिसली.
मुळ्यांचा वाटा केवढ्याला, विचारलं.
"शंभर."
तिनं मोजून दिला, दोन जास्त नाहीत, दोन कमी नाहीत.
नोटेकडे बघितलं, ओढणीला हात पुसले,
मग म्हणाली,
"आता कसा चल्लाहा?"

माझा प्रश्न होता तो.
माझ्याकडे वही नव्हती,
आणि पाणी फिरलं होतं,
चपलांपर्यंत आलं होतं.