विलंबमाफी

वकीलबाई म्हणाल्या, एकशे त्रेचाळीस दिवस उशीर आहे.
दर दिवसाचं कारण द्यावं लागतं.
मोघम चालत नाही दिल्लीच्या कोर्टाला.

लिहा मंग.

नागपूरनं अपील फेटाळलं, हे पहिले नऊ दिवस
आमाले ठावंच नव्हतं. जेलातलं पत्र
ग्रामपंचायतीत राशनच्या यादीखाली दबून होतं.

मंग मोहफुलं. मोह कोनासाठी थांबत नाई बाई,
पहाटे पडते, उजाडता उचला
नाई तं ढोरं खातेत.
मंग तेंदूपत्ता, सत्तर पानांचा पुडा.
नकलेचे पैसे त्यातूनच निघाले, ते बी लिहा.

नागपूरले एकदा मशीन बंद.
एकदा मीच चुकीच्या खिडकीत उभी, चार वाजेपावतर.
ते खिडकी स्टॅम्पाची होती.

मंग तलावात शिंगाड्याच्या वेली लावाच्या होत्या.
सुकरूचा हिस्सा दुसऱ्याले गेला असता.
गळ्याइतक्या पान्यात
त्याच्या जागेवर मी उभी होती, सोळा दिवस.

बाई टाइप करत होत्या. सोळा, म्हणाल्या.

पत्रात त्यानं लिहिलं होतं,
ताई, बंदी प्रत्यक्षीकरन टाक, बराकीतला मास्तर सांगते.
ते का असते, मी इचारलं.
माणूस समोर आणून उभा करा, असं कोर्टानं म्हणायचं.
पण शिक्षा लागल्यावर ती वाट बहुधा बंद.
मले हासू आलं.
तेथं तं रोज मोजतेत त्याले, सकारी, संध्याकारी.
हजर हायेच तो.
गैरहजेरी आमच्याकडं लागते.

राहिले अकरा दिवस, बाई म्हणाल्या.

नक्कल घरी आली होती. ढोलीत ठेवली, तांदरात.
वाचनारं पोरगं घरातच, माहं, दहावीतलं.
मले भेव होता
का त्यात असल, त्यानंच केलं मनून,
न् मले पटल.

बाराव्या दिवशी पोरानं वाचलं. पान अठ्ठ्याऐंशी.
कोयता मीच काढून दिला.
खाली अंगठा.

सुकरूले सही येते, बाई.
चवथीपावतर गेला शाळेत. 'रू'ची शेपटी
पार कागदाबाहेर सोडते.
शिंगाड्याच्या पावतीवर बी सहीच करे.

बाईंचे हात थांबले.
हे कोर्टात कोणी सांगितलं नाही?

इचारलं कोनं?

पंखा फिरत होता. बाहेर साकोलीची बस लागली होती,
डायव्हर भोंगा वाजवे.
अकरा दिवसांपुढं आजारपण लिहू का? बाई म्हणाल्या.
कोर्टाला ते समजतं.

नोको.
लिहा, बहीन भ्याली.